ग्लासगोचे टॉवर आणि सतराव्या मजल्यावरचं घर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी-जावई ग्लासगोला नोकरीला आहेत. शहराच्या मध्यभागी सतराव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांनी पसंत केलाय. तेवढ्यात तुम्ही तिथले टॉवर सुरुंग लावून पाडतानाचा व्हिडिओ पाहिलात आणि काळजीत पडलात. जे शहर आपले टॉवर पाडतंय तिथे उंचावर घर घ्यावं का? वारा, पाया, आग यांचं काय? आणि मुंबईत साठ मजले उभे राहतात, मग तिथे उंच इमारती इतक्या कमी का?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सांगलीत शिकलो, सहा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि गेली बावीस वर्षं ग्लासगोत आहे. त्यातला मोठा काळ जुन्या उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती यातच गेला. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, आणि उत्तर लांबणार आहे.

आधी निकाल सांगतो: घर घ्यायला हरकत नाही. वाऱ्याची आणि पायाची धास्ती सोडा. विचारपूस करायची ती तीन गोष्टींची. बाहेरच्या भिंतीवर काय लावलंय, घर उबदार ठेवायला महिन्याला काय खर्च येतो, आणि इमारत सांभाळायचे पैसे कोण आणि कसे गोळा करतं. ग्लासगोत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे टॉवर गेले, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा यातलंच काहीतरी होतं. मी तपासलेल्या टॉवरांत खांब-तुळयांनी हात टेकलेत असं एकदाही दिसलं नाही.

आता हे टॉवर आले कुठून ते बघू. १९५१ च्या जनगणनेत ग्लासगोची लोकसंख्या जवळपास १० लाख ९० हजार होती. आज ती सव्वासहा ते साडेसहा लाखांच्या आसपास आहे. त्या काळी बहुतेक माणसं टेनेमेंटमध्ये राहायची. टेनेमेंट म्हणजे तीन-चार मजल्यांची दगडी इमारत, मधून सामाईक जिना. त्या जिन्याच्या बोळाला तिथे ‘क्लोज’ म्हणतात. गरीब वस्तीत एका खोलीत अख्खं कुटुंब आणि जिन्याच्या वळणावर सगळ्यांत मिळून एक संडास. गिरगाव-लालबागची चाळ पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

१९४५ मध्ये शहराचे इंजिनिअर रॉबर्ट ब्रूस यांनी अहवाल दिला: मध्य शहर जवळजवळ सगळं पाडा आणि नव्यानं बांधा. त्यात सेंट्रल स्टेशनसुद्धा जाणार होतं. पुढच्याच वर्षी पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आणि रॉबर्ट मॅथ्यू यांच्या क्लाइड खोऱ्याच्या योजनेनं उलटं सांगितलं: शहराभोवती हरित पट्टा राखा आणि माणसं बाहेर नव्या गावांत हलवा. ईस्ट किलब्राइड आणि कंबरनॉल्ड ही गावं त्या विचारातून वसली. कौन्सिल, म्हणजे तिथली महापालिका, दोन्हींच्या कात्रीत सापडली. शहर पसरू द्यायचं नाही, माणसंही फार घालवायची नाहीत, आणि घरासाठी रांगेत हजारो कुटुंबं. १९५७ मध्ये २९ विभाग समूळ पुनर्विकासासाठी ठरवले गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गृहनिर्माण समितीचे प्रमुख डेव्हिड गिब्सन यांनी तर ध्यासच घेतला की मिळेल त्या मोकळ्या तुकड्यावर टॉवर उभा करायचा आणि झोपडीवजा खोल्यांतून माणसं बाहेर काढायची. आज त्यांना नावं ठेवणारे खूप आहेत. मी ठेवत नाही. ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा घरात न्हाणीघर आणि नळाला गरम पाणी मिळालं, तिच्या बाजूनं बघितलं तर हे काम मोठंच होतं.

शहरात तीनशेच्या वर टॉवर उभे राहिले. स्थानिक बोलीत त्यांना ‘मल्टी’ किंवा ‘हाय फ्लॅट्स’ म्हणतात. कौन्सिलच्या उंच घरांची सुरुवात कार्डोनल्डच्या मॉस हाइट्सपासून झाली. १९५० च्या दशकाच्या आरंभीच्या त्या दहा मजली इमारती नीट सांभाळल्या गेल्या आणि अजून वापरात आहेत. हे लक्षात असू द्या, कारण व्हिडिओ फक्त पडणाऱ्या इमारतींचे निघतात.

पडलेल्यांत सगळ्यात गाजले ते बॅलॉर्नॉक भागातले रेड रोड फ्लॅट्स. आर्किटेक्ट सॅम बंटन, काळ १९६४ ते १९६९. आठ इमारती, सर्वांत उंच ३१ मजल्यांची, उंची ८९ मीटर. साधारण ४,७०० माणसांचं एक गावच होतं ते. ग्लासगोच्या बहुतेक टॉवरांना काँक्रीटचा सांगाडा आहे, रेड रोडला पोलादी होता. पोलाद आगीत मऊ पडतं, म्हणून त्याला ॲस्बेस्टॉसच्या फळ्यांचं कवच दिलं होतं. त्या काळी सगळीकडे तेच वापरत. पुढे ॲस्बेस्टॉस किती घातक ते कळलं आणि मग साधी भिंत भोकायची म्हटली तरी परवानग्या, मुखवटे, सीलबंद पिशव्या. दुरुस्तीचा खर्च असा वाढला की दुरुस्तीच टाळली जाऊ लागली. लिफ्ट बंद पडली की पंचविसाव्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरातच अडकायची. पाडायच्या वेळीही आधी ते ॲस्बेस्टॉस काढावं लागलं, मगच सुरुंग.

२०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनात रेड रोडचे टॉवर थेट प्रक्षेपणात पाडायची टूम निघाली होती. लोक संतापले. तिथे माणसांनी मुलं वाढवली होती, नंतरच्या वर्षांत युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांनी तिथे पहिल्यांदा शांत झोप घेतली होती, आणि त्याचा तमाशा करणार? बेत रद्द झाला. शेवटच्या सहा इमारती ११ ऑक्टोबर २०१५ ला एकदम पाडल्या. मी लांब गर्दीत उभा होतो. धुरळा खाली बसला तेव्हा दोन इमारती अर्ध्याच पडल्या होत्या, उरलेला भाग तिरका होऊन तसाच उभा. शेजारी एक आजोबा हातातली टोपी छातीशी धरून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. ते दोन सांगाडे नंतर यंत्रांनी उतरवावे लागले. इतक्या सुरुंगांनंतरही जे उभं राहतं, ते पन्नास वर्षं कमकुवत होतं असं कसं म्हणायचं?

दुसरं उदाहरण शहरातल्याच गॉरबल्स भागाचं. बेसिल स्पेन्स यांच्यासारख्या नामांकित आर्किटेक्टनं हचेसनटाउन सी ही वीस मजली वसाहत काढली, १९६५ च्या सुमारास ती पूर्ण झाली. दर चार घरांना मिळून एक मोठी सामाईक गॅलरी होती. टेनेमेंटच्या मागचं अंगण स्पेन्स यांना वर हवेत न्यायचं होतं. कपडे वाळत घातले की इमारत शिडं उभारलेल्या जहाजासारखी दिसेल, ही त्यांची कल्पना. कल्पना सुंदर आहे, मला अजूनही आवडते. पण ग्लासगोत पाऊस आडवा येतो. त्या गॅलऱ्या वाऱ्याच्या बोगद्यासारख्या झाल्या, पाणी आत मुरलं, ओल चढली. १२ सप्टेंबर १९९३ ला ती वसाहत स्फोटानं पाडली, आणि उडालेल्या तुकड्यांमुळे बघायला आलेल्या गर्दीतल्या एका बाईंचा जीव गेला. त्याच भागात हचेसनटाउन ई होतं, त्राकोबा नावाच्या फ्रेंच पद्धतीनं तयार काँक्रीट फळ्या जोडून बांधलेलं. तिथे इतकी ओल आली की लोकांनी त्या घरांना ‘डॅम्पीज’ हेच नाव ठेवलं. भाडेकरूंनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. त्यांना सांगितलं गेलं की तुम्हीच खिडक्या उघडत नाही, किटली जास्त उकळता, म्हणून भिंतीवर दव जमतं. १९८७ मध्ये तीही वसाहत पाडली.

या ओलीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्या मुलीला उपयोगी पडणारी मुख्य गोष्ट हीच आहे. आपल्याकडे ओल म्हटलं की गळती, वरच्या मजल्याचा नळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तिथे निम्मी ओल आतून येते. बाहेर चार अंश, आत माणसांचे श्वास, स्वयंपाकाची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. जुन्या टॉवरची भिंत म्हणजे जेमतेम आठ-नऊ इंच काँक्रीट, मध्ये उष्णतारोधक थर नाही. थंड तांब्यावर बाहेरून पाणी जमतं तसं त्या भिंतीवर आतून दव जमतं. घर गरम ठेवलं तर जमत नाही. पण अनेक टॉवरांत विजेवरचं हीटिंग होतं आणि ते इतकं महाग पडायचं की लोक ते बंदच ठेवायचे.

काही वर्षांपूर्वी एका वसाहतीत अकराव्या मजल्यावर तपासणीला गेलो होतो. घर आरशासारखं लख्ख. बाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, फक्त लेकराचा खोकला जात नाही. मी म्हटलं, पलंगामागचं कपाट जरा सरकवू का? सरकवलं. बाहेरच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात गुडघ्यापर्यंत काळी बुरशी, वॉलपेपर बोटानं ओढला तर ओल्या पोळीसारखा सुटून आला. मागच्या काँक्रीटला साधी केसाएवढी भेगही नव्हती. मी अहवालात ‘संरचना उत्तम’ असं लिहिलं आणि ते लिहिताना लाज वाटली, कारण त्या घरात राहायला ती संरचना पुरेशी नव्हती. त्या दिवसापासून मी घर बघताना आधी कपाटामागे बघतो.

आता तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओकडे येतो. तुमच्या वर्णनावरून तो मार्च २०२५ मधला, मेरीहिलच्या विंडफर्ड वसाहतीचा असणार. जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर १९६० च्या दशकात ती वसली. तिथे २६ मजल्यांचे चार टॉवर होते, मिळून सुमारे ६०० छोटी घरं. त्यांपैकी तीन त्या दिवशी काही सेकंदांत खाली आले. मालक असलेल्या गृहनिर्माण संस्थेचं (आपल्यासारखी सोसायटी नव्हे, घरं भाड्यानं देणारी ना-नफा संस्था) म्हणणं होतं की एवढी लहान घरं आता कुणी मागत नाही, सुधारायचा खर्च परवडत नाही, त्याऐवजी संख्येनं कमी पण मोठी, नवी घरं बांधू. रहिवाशांच्या एका गटानं आणि काही आर्किटेक्टांनी कडाडून विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. त्यांचा मुद्दा असा: शहरात घरांची टंचाई असताना सहाशे घरं का पाडता? आणि त्या काँक्रीटमध्ये आधीच खर्ची पडलेल्या कार्बनचा हिशोब कुठे आहे?

माझं मत विचाराल तर मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूला झुकतो. त्याला कारण तिथून फार लांब नसलेल्या वुडसाइडमध्ये आहे. क्वीन्स क्रॉस या गृहनिर्माण संस्थेनं सीडर कोर्टचे २२ मजली तीन टॉवर, ३१४ घरं, एनरफिट या मानकाला धरून सुधारले. पॅसिव्हहाउस तत्त्वाचा, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत घर उबदार ठेवायच्या पद्धतीचा, हा जुन्या इमारतींसाठीचा प्रकार. बाहेरून जाड उष्णतारोधक आवरण, तीन काचांच्या खिडक्या, हवा खेळती ठेवणारी पण आतली ऊब परत पकडणारी यंत्रणा. सांगाडा तोच, १९६० च्या दशकातला. त्याच काळातल्या, तशाच उंचीच्या इमारती, एकाच शहरात. एकीकडे सुरुंग, दुसरीकडे कोट. विंडफर्डच्या घरांचे आकार खरंच अडचणीचे होते, हे मी नाकारत नाही. तरी दोन घरं जोडून एक करणं हे काही अशक्य कोटीतलं काम नाही.

जाता जाता, सगळेच टॉवर सुरुंगानं जात नाहीत. गॅलोगेटजवळचे ब्लूव्हेल आणि व्हाइटव्हेल हे जोडटॉवर ९० मीटरच्या वर होते, त्या काळी स्कॉटलंडमधल्या सर्वांत उंच निवासी इमारती. शेजारून रेल्वे जात असल्यानं ते २०१५-१६ मध्ये वरून एकेक मजला कापत उतरवले.

वारा. जानेवारी १९६८ मध्ये मध्य स्कॉटलंडवर एक भयंकर वादळ आलं. १४ तारखेच्या रात्री सुरू झालं, पहाटेपर्यंत थैमान. स्कॉटलंडमध्ये वीस माणसं गेली, ग्लासगोत अडीच लाखांच्या घरात घरांचं नुकसान झालं. टॉवरमधली माणसं भीतीनं खाली उतरली, कारण इमारती डोलत होत्या. पण जीव गेले ते मुख्यतः जुन्या टेनेमेंटच्या दगडी धुराड्या छपरं फोडून झोपलेल्या माणसांवर कोसळल्यानं. डोलणारे टॉवर उभे राहिले. उंच इमारत वाऱ्यात थोडी हललीच पाहिजे, वेळू वाकतो म्हणून मोडत नाही तसं. मोठ्या वादळात सतराव्या मजल्यावर क्वचित संडासातलं पाणी हिंदकळताना दिसेल, दिवा झुलेल. तेवढ्यानं जिना उतरायची गरज नाही. वाऱ्याचा खरा त्रास खाली, इमारतीच्या पायथ्याशी असतो. वरचा वारा भिंतीवर आपटून खाली उतरतो आणि कोपऱ्यावर चालणाऱ्याला ढकलतो. मुलीला सांगा, मुख्य दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते बघ. तिथला वारा बहुतेक करून नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो.

वाऱ्याशी खेळायचा एक धाडसी प्रयत्नही या शहरात आहे. सायन्स सेंटरजवळचा ग्लासगो टॉवर, १२७ मीटर, २००१ चा. विमानाच्या पंखासारख्या आकाराचा हा अख्खा मनोरा पायापासून वाऱ्याच्या दिशेनं फिरतो. सगळा भार ज्या बेअरिंगवर टेकतो ते जेमतेम ६५ सेंटिमीटर व्यासाचं. तेच सतत दुखणं देत राहिलं, २०१० ते २०१४ मनोरा बंदच होता. पण तो बघण्याचा मनोरा आहे. घरं अशी कुणी बांधत नाही.

पाया. ग्लासगोच्या पोटात कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, काही इतक्या जुन्या की नकाशावरही धड नाहीत. म्हणून तिथे मोठी इमारत उभी करण्याआधी भोकं पाडून तपासतात, पोकळी सापडली तर सिमेंटचं पातळ मिश्रण दाबानं आत भरतात, आणि गरज असेल तिथे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, खडकापर्यंत नेतात. याशिवाय काम पुढे सरकत नाही. इमारत मंजुरीतून आलेली असेल तर हा विषय संपला.

आगीचा विषय मात्र संपवून चालणार नाही. १९९९ मध्ये एअरशायरमधल्या अर्व्हिन गावी चौदा मजली गार्नोक कोर्टला आग लागली आणि खिडक्यांभोवतीच्या बाहेरच्या आवरणावरून ती मिनिटांत वर पोचली. एक माणूस दगावला. स्कॉटलंडनं त्यातून धडा घेऊन २००५ पासून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींचे नियम कडक केले. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जणांचा बळी गेला, आणि नंतरच्या तपासणीत ग्लासगोतल्याही कित्येक खाजगी इमारतींवर जळणारं आवरण सापडलं. मग नियम आणखी आवळले गेले. ऑक्टोबर २०१९ पासून १८ मीटरऐवजी ११ मीटर उंचीपासूनच कडक अटी, आणि १८ मीटरच्या वर मजला असलेल्या नव्या निवासी इमारतीला दोन जिने. मार्च २०२१ पासून नव्या फ्लॅटना स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा. जून २०२२ पासून ११ मीटरच्या वर जळाऊ क्लॅडिंगला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, बंदी.

यात एक बारकावा आहे, जो एजंट सांगत नाही. कुठले नियम लागू झाले हे इमारत कधी पूर्ण झाली यावर ठरत नाही, बिल्डिंग वॉरंटचा, म्हणजे बांधकाम परवानगीचा, अर्ज कधी केला यावर ठरतं. २०२१ मध्ये किल्ल्या दिलेली इमारत २०१८ च्या नियमांनी बांधलेली असू शकते: एकच जिना, स्प्रिंकलर नाही, आणि तरी पूर्ण कायदेशीर. म्हणून वॉरंटची तारीख मागा. इमारत २००५ ते २०१९ मधली असेल तर क्लॅडिंगची तपासणी झाली आहे का, तिला तिथे ‘सिंगल बिल्डिंग असेसमेंट’ म्हणतात, तिचा अहवाल मागा. तो नसेल आणि आवरणाबद्दल शंका असेल, तर बँकेचा मूल्यमापक फ्लॅटची किंमत कर्जापुरती शून्य धरू शकतो. घर चांगलं असूनही मग ते विकता येत नाही.

इथेच मालकीचा मुद्दा येतो, आणि तो इंग्लंडपेक्षा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुधा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो, जमिनीचा मालक वेगळा. स्कॉटलंडमध्ये फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा. हे चांगलं आहे, पण बाहेरची भिंत, छप्पर, लिफ्ट हे सगळं मिळून सगळ्यांचं. २००४ च्या टेनेमेंट कायद्यानं हे सामाईक हक्क आणि खर्च बांधून दिलेत, आणि तो कायदा तीस मजल्यांच्या टॉवरलाही लागू होतो. आपल्यासारखी सोसायटी, तिची कमिटी, दर महिन्याचा मेंटेनन्स, वार्षिक सभा, असं तिथे असेलच असं नाही. इमारत चालवतो तो ‘फॅक्टर’, म्हणजे नेमलेली व्यवस्थापन कंपनी. २०११ च्या कायद्यानुसार फॅक्टरला नोंदणी आणि आचारसंहिता बंधनकारक आहे, तक्रार असेल तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. चांगला फॅक्टर असला तर इमारत पन्नास वर्षं तुकतुकीत राहते. वाईट असला तर दोनशे मालकांत एका पंपाच्या बिलावरून दोन वर्षं पत्रव्यवहार चालतो आणि तोवर तळघरात पाणी साठतं. क्लॅडिंगचं काम तर त्याहून अवघड, कारण सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक मालकच नसतो. म्हणून २०२४ मध्ये वेगळा कायदा करून सरकारला तपासणी आणि दुरुस्ती स्वतः हाती घ्यायचा अधिकार दिला गेला.

होप स्ट्रीटवरचं लायन चेंबर्स बघा, म्हणजे मी मालकीवर एवढा जोर का देतोय ते कळेल. १९०७ ची आठ मजली इमारत, ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या प्रबलित काँक्रीट इमारतींपैकी एक, सॅमन आणि गिलेस्पी या आर्किटेक्टांची. जागा अवघी दहा बाय चौदा मीटर, बाहेरच्या भिंती चार इंच जाड. चार इंच! खाली वकिलांची कार्यालयं, वर चित्रकारांचे स्टुडिओ, दर्शनी भागावर न्यायाधीशांचे कोरलेले मुखवटे. पातळ काँक्रीटमधून पाणी सळईपर्यंत पोचलं, सळई गंजून फुगली, पोपडे सुटले. मुंबईतल्या समुद्राकाठच्या गॅलऱ्यांचं होतं तेच. सर्वोच्च श्रेणीचा वारसा दर्जा असूनही ती १९९० च्या दशकापासून रिकामी आहे, आणि ढलप्या रस्त्यावर पडू नयेत म्हणून जाळीत गुंडाळलेली. मी तिथून जाताना दर वेळी मान वर करतो. जाळीमागून एक न्यायाधीश खाली बघत असतो. इतकी महत्त्वाची इमारत, आणि दुरुस्तीचा भार उचलायला कुणी पुढे येईना म्हणून ती अशी झाली.

मग नव्या उंच इमारती कमी का? मुख्य कारण पैशाचं गणित. उंची वाढली की लिफ्ट, पंप, जिने, अग्निसुरक्षा, वाऱ्यासाठी मजबूत गाभा, या सगळ्याचा खर्च मजल्यागणिक चढतो. मुंबई-लंडनमध्ये जमीन इतकी महाग की तो खर्च निघतो. ग्लासगोत घरांच्या किमती त्या मानानं कमी आणि शहरात मोकळे प्लॉट अजून पुष्कळ, तेव्हा बिल्डर दहा-बारा मजल्यांवर थांबतो. २००० च्या दशकात चेरिंग क्रॉसला एल्फिन्स्टन प्लेस नावाचा ३९ मजली टॉवर ठरला होता. २००८ च्या मंदीनं तो गिळला. आता उंच जातात ते मुख्यतः विद्यार्थी वसतिगृहं आणि फक्त भाड्यानं देण्यासाठी बांधलेली घरं, कारण त्यांना एकगठ्ठा गुंतवणूकदार मिळतो. तोही २०२२ मध्ये भाडेवाढीवर बंधन आल्यावर काही काळ बिचकला. मोटरवेलगतच्या इंडिया स्ट्रीटवर, हो, रस्त्याचं नावच ते आहे, जुनी सरकारी कचेरी पाडून ३६ मजली, सुमारे ११४ मीटरचा टॉवर मंजूर झालाय. कौन्सिलला २०३५ पर्यंत मध्य शहरातली वस्ती वीस हजारांवरून चाळीस हजारांवर न्यायची आहे, उंच इमारतींसाठी तिनं मार्गदर्शिकाही तयार केली आहे. टेकड्या, चर्चचे सुळके, जुन्या रस्त्यांच्या टोकाला दिसणारी दृश्यं झाकली जाऊ नयेत हा त्यामागचा आग्रह, आणि तो रास्तच आहे. मला फक्त एवढं वाटतं की मंजुरी देतानाच विचारावं: तिसाव्या वर्षी या भिंतीची दुरुस्ती कोण, वरून सोडलेल्या कुठल्या पाळण्यातून, कुणाच्या पैशानं करणार?

आता तुमच्या मुलीनं करायची कामं. फ्लॅट जुन्या मालकाकडून घेत असतील तर विक्रेत्यानं ‘होम रिपोर्ट’, म्हणजे घराच्या पाहणीचा अहवाल, द्यावाच लागतो. तो वाचा, पण तो प्रामुख्यानं त्या घरापुरता असतो, अख्ख्या टॉवरचा नसतो. वकिलाकरवी फॅक्टरकडून मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागवा. लिफ्टवर किती खर्च झाला, विम्याचा हप्ता किती आणि तो अचानक वाढला का, मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी आहे की नुसती सुरुवातीची अनामत, आणि किती मालकांची बाकी थकलेली आहे. विम्याचा हप्ता एकदम दुप्पट झालेला दिसला तर थांबा आणि कारण विचारा. बहुतेक वेळा उत्तर क्लॅडिंगमध्ये सापडतं. हीटिंग कसलं आहे आणि मागच्या हिवाळ्यातलं वीजबिल किती आलं, हे मालकाला सरळ विचारायला संकोच करू नका. घरातले धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असायला हवेत, फेब्रुवारी २०२२ पासून तो तिथला कायदा आहे. आग लागली तर घरातच थांबायचं की बाहेर पडायचं, याची सूचना तळमजल्यावर लावलेली असते. तिचा फोटो काढून आणायला सांगा.

आणि घर बघायला रविवारी दुपारी ऊन पडलेलं असताना जाऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात, पाऊस वाऱ्यासकट येत असताना, संध्याकाळी लोक कामावरून परत येतात त्या वेळी जा. लिफ्टपाशी दहा मिनिटं उभं राहा, एखाद्या रहिवाशाशी बोला. मग घरात गेल्यावर, मालकाची परवानगी घेऊन, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट सरकवा आणि खालचा कोपरा हातानं चाचपून बघा. तो कोरडा लागला तर फॅक्टरचे हिशोब मला पाठवा, मी बघून सांगतो.